खट् आणि खटखट

जगातल्या आवाजांचे शास्त्रज्ञांनी कितीही प्रकार पाडलेले असोत, माझ्या मते ते दोनच. एक, सतत येणारे आवाज. आणि दुसरे, कधी कधी येणारे. सतत येणाऱ्या आवाजाशी माणसाचे हळूहळू जमून जाते. पिठाच्या गिरणीला लागून ज्यांचे घर असते, त्यांची पोरे त्या घरघरीत खुशाल गाढ झोपतात. आणि वीज जाऊन गिरणी बंद पडली, म्हणजे मात्र दचकून उठतात! कधी कधी येणाऱ्या आवाजाची गोष्ट निराळी. मध्यरात्री स्वयंपाकघरात एकदाच काहीतरी वाजते. आपण उठून बसतो. कान टवकारतो. श्वाससुद्धा बेताने घेतो. आणि तो आवाज काही केल्या पुन्हा येत नाही. शेजारच्या माणसाला हलवून विचारावे, तर तो कूस बदलून म्हणतो, "मला नाही बुवा ऐकू आलं. तुला भास झाला असेल!"

कधी कधी येणाऱ्या आवाजाचे खरे दुःख हेच आहे. तो आपले काम उरकून निघून जातो, आणि ज्याने ऐकला त्याला खोटे पाडतो.

गेल्या वर्षी श्रावण-भाद्रपदात अशाच एका आवाजाने माझ्या माहेरच्या घरात मोठी खळबळ उडवून दिली. माझा दादा शेतकरी. पिंपळगाव बसवंतच्या बाजूला आमची वडिलोपार्जित जमीन आहे. त्या पट्ट्यात द्राक्षाइतकाच टोमॅटोचाही जोर. श्रावण लागला की तोडणी सुरू होते, आणि दिवाळीपर्यंत घरात दुसरा विषय निघत नाही. तीन वर्षांपूर्वी दादाने कर्ज काढून एक पिक-अप घेतली. पुढे दोघातिघांना बसायला केबिन, मागे उघडा हौदा. शहरातल्या वाचकांनी ही गाडी रस्त्यात हजार वेळा पाहिली असेल आणि एकदाही नीट पाहिली नसेल. खेड्यात मात्र तिने बैलगाडीची जागा घेतली आहे. भाजी तीच नेते, खत तीच आणते, लग्नाची भांडी तिच्यातून जातात, आणि एखादीच्या प्रसूतीची वेळ अवेळी आली तर दवाखान्याची वाटही तीच दाखवते.

ही गाडी माझा भाचा चालवतो. वय वर्षे बावीस. बारावीनंतर त्याने पुस्तकाला जो नमस्कार केला तो कायमचा. पण गाडी चालवावी तर त्याने! वाशीच्या बाजारात भाव बरा आहे असे कळले, की संध्याकाळी सत्तरेक कॅरेट भरायची, जेवण उरकून निघायचे, ओझर, नाशिक, घोटी, इगतपुरी करीत कसारा घाट उतरायचा आणि पहाटेपूर्वी माल वाशीला पोहोचवायचा, हा त्याचा क्रम. एका कॅरेटात वीस किलो धरले तरी चौदाशे किलोंचा भार पाठीवर घेऊन, पावसाळी रात्री, घाटातून. आईबाप झोपलेले असतात तेव्हा हा मुलगा जागा असतो.

त्या श्रावणात माहेरी गेले, तेव्हा वहिनीने मला बाजूला घेऊन सांगितले, "बापलेकांचं आठ दिवस धड बोलणं नाही. तुम्हीच काय ते विचारा."

विचारले. भाचा म्हणाला, "आत्या, गाडीत आवाज येतोय. कधी कधी. पण कोणी ऐकूनच घेत नाही."

दादाला विचारले. दादा म्हणाला, "आवाज गाडीत नाही, त्याच्या डोक्यात आहे. रात्रीचं जायचं जिवावर येतं, म्हणून गाडीत आवाज काढतो. मी चार वेळा चालवून पाहिली. काही नाही."

आता दादाचाही काही अपराध नव्हता. मुलाची तक्रार ऐकून त्याने गाडी शहरातल्या एका चांगल्या मोठ्या वर्कशॉपात नेली होती. तेथे एका तरुणाने रिकामी गाडी गुळगुळीत रस्त्यावर दोन चकरा मारून आणली, कागदावर खुणा केल्या, आणि मागचे दोन्ही शॉकअप बदलायला सांगितले. बदलले. आवाज राहिला तो राहिलाच. मग गावातल्या एकाने बुश बदलले. त्यानेही काही झाले नाही. रोग म्हशीला आणि इलाज पखालीला, ही म्हण आपल्याकडे कोणी उगीच केलेली नाही! दोन बिले भरून झाल्यावर, ज्याला शेतातल्या भावाची शाश्वती नाही असा बाप, "तुझ्या कानाचंच काहीतरी बघायला हवं," असे म्हणाला, तर त्यात नवल नाही. पण बावीस वर्षांच्या मुलाला ते वाक्य लागले. त्याने फोनवर आवाज भरून घेण्याचाही प्रयत्न करून पाहिला होता. फोनमध्ये इंजिन भरले, पाऊस भरला, समोरून येणाऱ्या ट्रकचे भोंगे भरले. हवा होता तो आवाज तेवढा भरला नाही.

मी मराठीची प्राध्यापिका. गाडीच्या बॉनेटखाली काय असते, याविषयी माझे ज्ञान कोणीही हेवा करावा असे नाही. पण शब्दांच्या आवाजाशी माझा रोजचा संबंध. म्हणून मी भाच्याला माझ्या धंद्यातला प्रश्न विचारला. "आवाज कसा येतो? तोंडाने काढून दाखव."

तो विचारात पडला. म्हणाला, "खडखड..." मग मान हलवली. "नाही. खडखड नाही. खट्... खट् पण नाही, जरा जड. ठक् म्हण. लाकडावर घण पडल्यासारखा."

"एकदाच येतो, की लागोपाठ?"

"एकदाच."

वाचकहो, येथे मला क्षणभर वर्गात शिरू द्या. आपल्या मराठीत अनुकरणवाचक शब्दांची जी श्रीमंती आहे, तिची आपल्याला फारशी जाणीव नसते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रथम निघाला आणि १८५७ साली त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली. तो चाळून पाहा, पानापानावर असे शब्द भेटतील. मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ सालचे. त्यांच्यासारख्यांनी जे नियम शोधले, त्यांतले पुष्कळसे आपल्या आजीला शाळेत न जाताच ठाऊक होते. खट् म्हणजे एकदा; खटखट म्हणजे पुन्हा पुन्हा. 'खटकन' म्हटले की आवाज आला आणि संपला. 'खटखटत' म्हटले की तो चालू आहे. टणटण हलके, ठणठण त्याहून भारी. खटखट कोरडी आणि घट्ट, खडखड सैल. खळखळ मोठ्या पाण्याची, खुळखुळ नारळातल्या पाण्याची. अक्षर बदलले की वस्तूचे वजन बदलते, स्वर बदलला की तिचा आकार बदलतो, आणि शब्द दुणावला की आवाजाची संख्या बदलते. व्याकरणाच्या पुस्तकात हा अभ्यस्त शब्दांचा एक कोपरा आहे. परीक्षेत त्यावर दोन गुणांचा प्रश्न येतो आणि मुले तो सोडून देतात.

भाच्याने खडखड टाकून ठक् उचलले, तेव्हा त्याने नकळत अर्धे निदान केले होते. पण ते मला पुढे कळले.

मी त्याला एक दोनशे पानी वही दिली. म्हटले, "रोज रात्री जाऊन आलास की यात लिहायचं. आवाज आला, तर कुठे आला, गाडी भरलेली होती की रिकामी, चढ होता की उतार, कितवा गिअर, त्याआधी काय केलं होतंस, आणि आवाज किती वेळा आला. नाही आला, तर 'नाही' असंही लिहायचं." कोशकार शब्दाचा अर्थ असाच शोधतात. एका वाक्यावरून अर्थ सांगणारा फसतो. दहा वाक्ये समोर मांडली, की शब्द आपण होऊन बोलू लागतो.

भाच्याचे अक्षर वाईट. पण नोंदी चोख. पंधरा दिवसांत तो नऊ वेळा वाशीला गेला, आणि त्या नऊ फेऱ्यांत आवाजाच्या चौदा नोंदी झाल्या. मी पुन्हा माहेरी गेले तेव्हा आम्ही दोघे ओसरीवर वही उघडून बसलो. "रात्री ११-२०, घोटीचा टोल, जोरात ब्रेक, मग पहिला गिअर, एकदा." "रात्री ९-४०, सिग्नल, ब्रेक, पहिला गिअर, एकदा." "वाशी, रिव्हर्स घेताना, एकदा." खड्ड्यांच्या नावाने रकाना कोरा! भिवंडीच्या बाजूला त्या पावसात असे खड्डे होते, की गाडीने तेथेच बोलायला हवे होते. पण तेथे ती मुकी. रिकाम्या परतीच्या नऊ फेऱ्या, आणि एकही आवाज नाही. चौदाच्या चौदा नोंदी भरलेल्या गाडीच्या. आणि प्रत्येक वेळी, आधी गाडी ब्रेक लावून थांबलेली, नंतर निघालेली किंवा मागे घेतलेली.

वर्कशॉपातल्या त्या तरुणाने रिकामी गाडी गुळगुळीत रस्त्यावर न थांबता फिरवून आणली होती. म्हणजे ज्या तीन गोष्टी जमल्याशिवाय आवाज येत नाही, त्या तिन्ही त्याने नेमक्या टाळल्या होत्या! आपल्या वैद्यकात रोग्याची परीक्षा तीन प्रकारांनी करावी असे सांगितले आहे: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. यंत्रे आली, तसतसे दर्शन सूक्ष्म झाले, स्पर्शनही झाले. प्रश्न तेवढा मागे पडला. रोग्याला विचारायला वेळ लागतो, आणि हल्ली वेळाचेच बिल सर्वांत मोठे असते.

ओझरजवळ, हमरस्त्याच्या कडेला, एका लिंबाच्या झाडाखाली एक म्हातारे मेस्त्री आहेत. सारे त्यांना चाचा म्हणतात. विमानांचा कारखाना ज्या गावात आहे, त्या गावाच्या शिवेवर हा माणूस चाळीस वर्षे टेम्पो आणि ट्रॅक्टर दुरुस्त करतो आहे. त्या संध्याकाळी माल भरून झाला, तेव्हा भाचा म्हणाला, "आत्या, भरलेली गाडीच चाचांना दाखवू. वाटेवरच आहे." दादा कुरकुरला. माल वेळेवर पोहोचायला हवा. उशीर झाला की भाव उतरतो. पण मी गाडीत चढून बसलेच होते. बहीण गाडीत बसल्यावर भावाला फार बोलता येत नाही. तोही मोटारसायकलवर मागून आला.

चाचांनी वही हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि नोंदी मला मोठ्याने वाचायला सांगितल्या. मधूनमधून ते एवढेच विचारीत, "एकदाच?" मी म्हणे, "एकदाच." चौदा नोंदी संपल्यावर ते म्हणाले, "ताई, पोरानं काम सोपं केलं."

मग त्यांनी आम्हाला जे समजावून सांगितले, ते मी माझ्या भाषेत सांगते. गाडीच्या वेगाबरोबर जो आवाज भराभर वाढतो, तो फिरणाऱ्या वस्तूचा. चाक, बेअरिंग, प्रोपेलर शाफ्ट. गाडी उभी असतानाही इंजिन रेस केल्यावर जो वाढतो, तो इंजिनाकडचा. खड्ड्यात गेल्यावर येतो, तो शॉकअपचा, बुशचा, बॉल जॉइंटचा. वळताना येतो, तो स्टिअरिंगकडचा. आणि निघताना, थांबताना किंवा पुढचे मागे घेताना जो एकदाच येतो, तो ढिलाईचा. दोन वस्तूंमध्ये जागा पडलेली असते. जोर एका बाजूने आला की वस्तू एका अंगाला जाऊन बसते. जोर उलटला की ती दुसऱ्या अंगाला जाऊन आपटते. आपटून झाले, की गप्प. पुन्हा जोर उलटेपर्यंत तिला वाजायला कारणच नाही!

म्हणजे खटखट हा फिरणाऱ्याचा किंवा हलणाऱ्याचा शब्द, आणि खट् हा जागा बदलणाऱ्याचा. दामल्यांनी हे वाचले असते तर त्यांनाही बरे वाटले असते.

पण ढिलाई नेमकी कोठे? तिच्याही जागा पुष्कळ. प्रोपेलर शाफ्टला टोकाशी क्रॉस असतात. त्यांच्या बारीक सुयांसारख्या बेअरिंगांचे वंगण सुकले की तेथे जागा पडते आणि कडेला विटकरी भुकटी दिसू लागते. शाफ्टचा सरकता दातेरी भाग कोरडा पडला तरी निघताना ठोका बसतो. इंजिनाची माउंटिंगची रबरे फाटली, डिफरन्शियलचे दाते झिजले, तरी बसतो. चाचांनी चाकांना दगड लावले, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली, खाली शिरून शाफ्ट दोन्ही हातांनी पिळून पाहिला. क्रॉस घट्ट. भुकटी नाही. शाफ्टला वंगण भरपूर. ते बाहेर आले आणि दादाला म्हणाले, "मागं पाट्याचं काम कधी केलं होतं?"

दादाने सांगितले, मृगाच्या आधी डाव्या बाजूचा एक पाटा मोडला होता, तो बदलून घेतला.

"नंतर यू बोल्ट पुन्हा आवळले?"

दादा काही बोलला नाही. पाटा बदलणाऱ्याने तसे कोणाला सांगितलेच नव्हते.

ज्यांनी बैलगाडी पाहिली आहे त्यांना आख ठाऊक असेल. मोटारीतही मागच्या दोन चाकांना जोडणारा तसाच एक आख असतो. त्याला अ‍ॅक्सल म्हणायचे. पिक-अपच्या मागच्या बाजूला पोलादी पाट्यांच्या दोन कमानी असतात, आणि हा अ‍ॅक्सल त्या कमानींना यू आकाराच्या जाड बोल्टांनी आवळून बांधलेला असतो. पाट्यांच्या मधोमध आरपार एक सेंटर बोल्ट जातो. त्याचे डोके अ‍ॅक्सलवरच्या बैठकीतल्या भोकात बसते आणि अ‍ॅक्सलची जागा नेमून देते. पण खरी पकड यू बोल्टांची. नवा पाटा बसवला, की काही शे किलोमीटर भार वाहून पाटे एकमेकांवर दबून बसतात आणि आवळलेले यू बोल्ट आपोआप सैल पडतात. म्हणून ते पुन्हा आवळावे लागतात. नाही आवळले, तर सारा जोर त्या बिचाऱ्या सेंटर बोल्टावर येतो. एक दिवस तो तुटतो. मग अ‍ॅक्सलला जागा सांगणारे कोणी उरत नाही.

चाचांनी एक सुतळी मागवली. उजव्या बाजूला पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत ती धरली, गाठ मारली. तीच सुतळी डाव्या बाजूला लावली. डावीकडे गाठ करंगळीच्या जाडीएवढी पुढे गेली. मग त्यांनी खडूने डाव्या पाट्यावरून खालच्या बैठकीवर एक सरळ रेघ ओढली, आणि भाच्याला सांगितले, "पहिला टाक. दहा पावलं जा. जोरात ब्रेक मार. मग मागं ये."

आम्ही सारे बाजूला उभे राहिलो. गाडी निघाली, थांबली. कॅरेटांचा खडखडाट झाला. गाडी मागे आली. ठक्!

दादाने ऐकला. मी ऐकला. शेजारच्या पंक्चरवाल्याने हातातले काम टाकून मान वर केली.

चाचांनी बॅटरी मारली. खडूची रेघ मधोमध तुटली होती; वरचा तुकडा एकीकडे, खालचा दुसरीकडे.

आता सारे जुळले. निघताना चाके अ‍ॅक्सलला पुढे ढकलतात, ब्रेक मारताना मागे ओढतात. गाडी मागे घेतानाही जोराची दिशा उलटी. डावी बाजू प्रत्येक वेळी सरकत होती. रिकाम्या गाडीत जोर थोडा, म्हणून ती जागची हलत नसे. ब्रेक मारतानाही ठोका बसतच असणार. पण त्याच क्षणी सत्तर कॅरेट पुढे सरकून खडखडत, आणि त्या खडखडीत ठक् बुडून जाई. निघताना मात्र कॅरेट शांत, म्हणून तेवढाच कानावर पडे. आणि हलक्या ब्रेकने थांबले, तर अ‍ॅक्सल मागे सरकतच नसे. मग पुढच्या वेळी निघताना आवाजही नाही. 'कधी कधी' या शब्दाच्या पोटात एवढे सगळे शिस्तशीर कारण दडलेले होते! कधी कधी हा लहरीचा शब्द नव्हे; जी अट आपल्याला अजून ठाऊक नाही, तिचे ते नाव आहे.

"चाचा, हे तसंच राहिलं असतं तर?" मी विचारले.

चाचांनी हात पुसले. "एक बाजू सरकली, की मागची चाकं वाकडी चालतात. गाडी स्वतःच वळायला बघते. उतारावर, भार असताना, ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला तर..." त्यांनी वाक्य पुरे केले नाही. दादाकडे बघून ते एवढेच म्हणाले, "आज ही गाडी घाट उतरणार नाही."

दादा खाली बसला. त्याने रेघेवरून एकदा बोट फिरवले. मग उठला आणि शेजारच्या गावातल्या ओळखीच्या टेम्पोवाल्याला फोन लावला. सत्तर कॅरेट त्या गाडीत चढवताना तो स्वतः पुढे होता. त्या रात्रीच्या भाड्यात नफ्याचा बराच भाग गेला. पण त्याबद्दल त्याच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. दुसऱ्या दिवशी चाचांनी नवा सेंटर बोल्ट घातला, चारही यू बोल्ट नवे घातले, गाडीचे वजन पाट्यांवर येऊ देऊन नट आलटून पालटून आवळले, आणि बजावले, "चारपाच भरलेल्या फेऱ्या झाल्या, की परत या." खर्च किती? त्या आधीच्या दोन बिलांच्या मानाने, सांगायला संकोच वाटावा इतका थोडा.

कानाने रोग ओळखण्याची कला काही नवी नाही. ऑस्ट्रियातल्या लिओपोल्ड औएनब्रुगर नावाच्या डॉक्टरने १७६१ साली रोग्याच्या छातीवर बोटाने ठोकून आतली स्थिती ओळखण्याची रीत पुस्तकात मांडली. तो खानावळवाल्याचा मुलगा होता. दारूचे पिंप किती भरले आहे हे ठोकून ओळखतात, हे त्याने घरीच पाहिले होते. पुढे १८१६ साली पॅरिसच्या रेने लेनेकने कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली, आणि तिच्यातून स्टेथॉस्कोप जन्मला. चाचा इंजिनाला लांब पेचकस टेकवून त्याची मूठ कानाशी धरतात, ते निराळे काय करतात? पूर्वी मोठ्या स्टेशनात गाडी थांबली, की एक माणूस लांब दांड्याचा हातोडा चाकावर मारीत जाई. चाक खणखणले तर ठीक, बद्द वाजले तर तडा. आणि कुंभाराकडून माठ घेताना बोटाच्या पेराने टिचकी मारून पाहणाऱ्या आपल्या आयाबहिणींनी तरी कोणत्या विद्यापीठात हे शिक्षण घेतले?

पण या सगळ्यांच्या हाताशी एक सोय होती. माठ टिचकी मारली की वाजतो, छाती ठोकली की बोलते. कधी कधी येणारा आवाज असा हुकमी वाजत नाही. तो पकडायचा तर ठोकणारा हात पुरत नाही. जो त्याच्याबरोबर रात्रीअपरात्री असतो, त्याचा कान लागतो. वैद्य कितीही मोठा असो, तो घटकाभर येतो. साक्षीदार तेथे सदाचा असतो. म्हणून निदानाची पहिली पायरी म्हणजे, ज्याने ऐकले त्याच्यावर विश्वास ठेवणे; दुसरी, त्याला नेमके प्रश्न विचारणे. हत्यारे तिसऱ्या पायरीवर येतात.

माझ्या वर्गात अशी मुले मी पुष्कळ पाहते. रोज तक्रार करणाऱ्याकडे सारे लक्ष देतात. सहा महिन्यांतून एकदा जे मूल दाराशी येऊन "मॅडम, जरा बोलायचं होतं," म्हणते आणि "काही नाही, नंतर सांगेन," म्हणून परत जाते, ते सगळ्यांच्या विस्मरणात जाते. सासरहून आलेली लेक चार दिवस हसतखेळत असते आणि एखादेच वाक्य अर्धवट टाकते. म्हातारे वडील "छातीत कधी कधी जरा होतं," म्हणतात आणि डॉक्टरसमोर बसले की एकदम ठणठणीत असतात. आपण काय करतो? त्यांना रिकाम्या, गुळगुळीत रस्त्यावर दोन चकरा मारायला लावतो आणि म्हणतो, "काही नाही, भास आहे." भार किती होता, हे विचारत नाही. आधी ब्रेक कोणी मारला होता, हे तर नाहीच नाही.

दादाने मुलाची माफी मागितली, असे लिहिता आले असते तर या लेखाला छान शेवट मिळाला असता. आमच्या घरात बाप मुलाची माफी मागत नाही. तशी पद्धत नाही. पण वहिनीने मला एक गोष्ट सांगितली. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी माल भरून झाला, की दादा हौद्याच्या फळीवर हात ठेवतो आणि मुलाला विचारतो, "काय म्हणते गाडी?" मुलगा म्हणतो, "काही नाही, ठीक आहे." एकदा मात्र तो म्हणाला, "पुढच्या डाव्या चाकाकडून जरा कुरकुर येते." दादाने चपला घातल्या आणि चाचांना फोन लावला. वर्कशॉप नाही, चकरा नाहीत, भास नाही.

वही अजून चालू आहे. आता तिच्यात आवाजाच्या नोंदी थोड्या आणि डिझेलचा हिशेब जास्त असतो. पण पहिल्या पानावर, यू बोल्ट कोणत्या तारखेला आवळले आणि पुन्हा कधी आवळायचे, ते दादाने स्वतःच्या हाताने, ठळक अक्षरात लिहून ठेवले आहे. ज्यांच्या घरी अशी गाडी आहे आणि तिच्या पाट्याचे काम नुकतेच झाले आहे, त्यांनी फराळाला बसण्यापूर्वी एवढी एक गोष्ट पाहून घ्यावी, अशी माझी विनंती. बाकी फटाके आहेतच. त्यांचा आवाज सगळ्यांनाच ऐकू येतो.